फर्स्ट कॉपी घड्याळ: घालू का, जमवू का, विकू का?



घड्याळांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतायत. पहिला, "सर, मीटिंगला जाताना फर्स्ट कॉपी रोलेक्स घातली तर चालेल का? इम्प्रेशन पडतं." दुसरा, "मला घड्याळांचा शौक आहे, पण ओरिजिनल परवडत नाही. रेप्लिका जमवण्यात काय वाईट आहे?" आणि तिसरा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, "सर, फर्स्ट कॉपी घड्याळांचं रीसेलिंग सुरू करू का? मार्जिन चांगलं आहे."

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. घड्याळाचा शौक जरूर करा, अगदी हजार रुपयांत करा, पण डायलवर जे नाव आहे ते खरं असू द्या. आणि धंदा म्हणून फर्स्ट कॉपीला हात लावू नका. का, ते आता बघू. माझं स्वतःचं गिफ्ट आणि घड्याळांचं दुकान आहे, त्यामुळे यातलं बरंचसं काउंटरच्या मागे उभं राहून बघितलेलं आहे.

आधी शब्द साफ करून घेऊ

बाजारात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या जातात.

१. ओरिजिनल. कंपनीने बनवलेलं, कंपनीच्या नावाचं. मग ते हजाराचं कॅसिओ असो नाहीतर १० लाखांच्या घरातलं रोलेक्स सबमरिनर.

२. रेप्लिका किंवा फर्स्ट कॉपी. बनवलं दुसऱ्यानेच, पण डायलवर नाव आणि लोगो मोठ्या कंपनीचा. "७ए", "मास्टर क्वालिटी", "सुपर क्लोन" ही सगळी याचीच बाळं. नाव कितीही भारी द्या, माल नकलीच.

३. होमेज. दिसायला नावाजलेल्या घड्याळासारखं, पण डायलवर नाव स्वतःचं. उदाहरणार्थ इन्व्हिक्टा कंपनीचं प्रो डायव्हर. लांबून सबमरिनरची आठवण येते, जवळून बघितलं की इन्व्हिक्टा असं स्वच्छ लिहिलेलं दिसतं.

४. रीडायल. जुनं खरं घड्याळ, पण डायल नव्याने रंगवलेली किंवा सुटे भाग दुसऱ्या घड्याळातले.

आपला मुद्दा मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. चौथ्याबद्दल पुढे बोलूच, कारण त्यात आपल्या मुंबईचं नाव गुंतलंय.

फर्स्ट कॉपीवाल्यांचं म्हणणं आधी ऐकून घेऊ

समोरच्याचं म्हणणं न ऐकता मत देणं बरोबर नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या काही गोष्टी बरोबरही आहेत.

ते म्हणतात, महागड्या घड्याळाची किंमत ही वेळ दाखवण्याची किंमत नाही, नावाची आहे. अगदी बरोबर. गणितच बघा. रोलेक्स स्वतः सांगते की त्यांचं घड्याळ दिवसाला जास्तीत जास्त २ सेकंद पुढे किंवा मागे जाईल. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त साधारण एक मिनिट. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ, १९८९ पासून बाजारात आहे, हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतं, आणि त्याचा फरक महिन्याला ३० सेकंदांच्या आत असतो. नुसती वेळच बघायची असेल तर हजारवालं घड्याळ दहा लाखवाल्याला हरवतं! हे आजचं नाही. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सायकोने ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, तेव्हापासूनच स्विस चावीच्या घड्याळांची "सर्वात अचूक" ही ओळख गेली.

ते असंही म्हणतात, "मी काही दहा लाखांचं गिऱ्हाईक नव्हतोच. मी रेप्लिका घेतली म्हणून रोलेक्सचं काय नुकसान झालं?" यातही तथ्य आहे. दोन हजारांची फर्स्ट कॉपी घेणारा माणूस शोरूममध्ये गेलाच नसता.

आणि "मला फक्त डिझाइन आवडतं, मी कोणाला फसवत नाही" असंही काही जण मनापासून म्हणतात.

मग माझा आक्षेप काय? रोलेक्स कंपनीची काळजी करायला आपण इथे बसलेलो नाही, ती स्वतःची काळजी घ्यायला समर्थ आहे. मला काळजी तुमची आहे. तुमच्या धंद्याची.

घालू का? समोरच्याच्या खुर्चीत बसून बघा

"डिझाइन आवडतं" हे मान्य केलं, तर एक साधा प्रश्न विचारतो. तेच डिझाइन, तोच निळा-काळा रंग, तोच पट्टा, पण डायलवर नाव दुसरं असलेलं होमेज घड्याळ साधारण त्याच किमतीत मिळत असेल, तर घ्याल का? उत्तर "हो" असेल तर घ्या, प्रश्न मिटला. उत्तर "नाही" असेल, तर आवड डिझाइनची नव्हती, नावाची होती. आणि नाव आपण विकत घेतलेलं नाही.

आता मीटिंगचं बघू. तुम्ही होलसेलरकडे पहिल्यांदा माल उधारीवर मागायला गेलात. हातात फर्स्ट कॉपी रोलेक्स. समोरच्याचं काय होऊ शकतं?

एक, त्याला घड्याळातलं काही कळत नाही. मग त्याला रोलेक्स काय आणि टायटन काय, सारखंच. तुमचा फायदा शून्य.

दोन, त्याला कळतं आणि तो खरं समजतो. मग तो मनात म्हणेल, दहा लाखांचं घड्याळ घालणारा माणूस पन्नास हजारांची उधारी कशाला मागतोय? याला पैसे उडवायची सवय दिसतेय. तुमचं नुकसान.

तीन, त्याला कळतं आणि तो ओळखतो की खोटं आहे. आणि ओळखणं अवघड नसतं. स्वस्तातल्या कॉपीत आत सेलवरचं मशीन असतं, त्यामुळे सेकंद काटा टक-टक करत सेकंदाला एक उडी मारतो. रोलेक्सच्या आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक मशीनचा काटा सेकंदाला आठ बारीक टप्प्यांत सरकतो, डोळ्याला तो वाहत गेल्यासारखा दिसतो. माझ्याकडे सेल बदलायला येणाऱ्या कॉपी घड्याळांत तीन छोट्या डायल असतात आणि पुष्कळदा त्या नुसत्या छापलेल्या असतात, काटे चिकटवलेले. बाजूची बटणं दाबली तर काहीच होत नाही. होलसेलचा धंदा करणारा माणूस दिवसभर मालच बघत असतो, त्याची नजर तयार असते. तो तुम्हाला काही बोलणार नाही. फक्त उधारीची मुदत कमी करेल किंवा "पुढच्या वेळी बघू" म्हणेल. तुम्हाला कारणही कळणार नाही.

तीनही बाजूंनी बघितलं, फायदा कुठे झाला? "दिखावा आधी, यश नंतर" असं शिकवणारे पुष्कळ आहेत. मी त्यातला नाही. लहान धंद्यात आपल्याकडे भांडवल कमी असतं, ओळख कमी असते. शब्द हे एकच भांडवल आपल्याकडे पहिल्या दिवसापासून असतं. ते कशाला पणाला लावायचं?

आणि वापराच्या दृष्टीनेही बघा. कॉपीवर "३०० मीटर वॉटर रेझिस्टंट" असं छापलेलं असतं, कारण खऱ्या सबमरिनरवर तसं असतं. पण कॉपीची ती चाचणी कोणी केलेली नसते. पहिल्या पावसात काचेच्या आत वाफ धरते. बिघडलं तर पार्ट मिळत नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही, विकायला गेलात तर किंमत येत नाही. महागडी सुपर क्लोन घेतलीत तरी हेच, फक्त नुकसानीचा आकडा मोठा.

परदेशात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे स्वतःच्या वापरासाठी नकली घड्याळ घालणाऱ्यावर ट्रेड मार्क कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. पण सगळीकडे असं नसतं. इटलीत नकली वस्तू विकत घेणाऱ्या गिऱ्हाईकालाही ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. एक्स्पोर्टच्या मीटिंगला मिलानला जाताना हातात काय आहे ते बघून जा.

रोलेक्सच्या मालकाने स्वतः काय केलं?

ही गोष्ट प्रत्येक छोट्या उद्योजकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

रोलेक्स सुरू करणारे हान्स विल्सडॉर्फ. १९०५ मध्ये लंडनला त्यांनी धंदा सुरू केला, पुढे कंपनी जिनिव्हाला गेली. रोलेक्सचं नाव झालं, किंमत वाढली. मग विल्सडॉर्फ यांना वाटलं की कमी किमतीत, पण भरवशाचं घड्याळ लोकांना द्यायला हवं. रोलेक्स हे नाव त्यांच्या घरचंच. स्वस्त घड्याळावर तेच नाव टाकून धडाधड विकता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. १९२६ मध्ये "ट्युडर" हे वेगळं नाव नोंदवून घेतलं आणि १९४६ मध्ये त्या नावाची वेगळी कंपनी उभी केली. सुरुवातीच्या ट्युडर घड्याळांत केस आणि चावी रोलेक्सचीच असायची, आतलं मशीन मात्र बाहेरच्या कंपनीचं, म्हणून किंमत कमी. पण डायलवर नाव ट्युडर.

लक्षात घ्या, ज्याचं स्वतःचं नाव होतं त्यानेही कमी किमतीच्या मालावर ते नाव टाकलं नाही. कारण नाव म्हणजे गिऱ्हाईकाला दिलेला शब्द, हे त्याला कळलं होतं. आज ट्युडर स्वतः एक मोठा ब्रँड आहे.

तुमच्या धंद्यात याचा अर्थ काय? प्रीमियम माल आणि स्वस्त माल, दोन्ही ठेवा. पण नावं वेगळी ठेवा, आणि कुठला कुठला ते गिऱ्हाईकाला सांगून विका.

"सर, रीसेलिंग करू का?"

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मोबाईलवर "झिरो इन्व्हेस्टमेंट, घरबसल्या कमवा" असे मेसेज येतात. फोटो पाठवायचे, ऑर्डर घ्यायची, माल परस्पर पार्टीकडून जातो. ऐकायला छान वाटतं. आधी कायदा बघू, मग हिशोब.

*कायदा.* ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ प्रमाणे खोटा ट्रेड मार्क लावणं आणि खोटा ट्रेड मार्क लावलेला माल विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा सापडलात तर कलम १०५ प्रमाणे किमान शिक्षाच १ वर्ष आणि दंड किमान १ लाख. आणि फक्त विकणंच नाही, विकायला मांडून ठेवणं किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणंही यात येतं. म्हणजे शोकेसमधला माल पुरेसा आहे. डीवायएसपी किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करू शकतो, त्याआधी त्याला ट्रेड मार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. आयातीत तर २००७ च्या नियमांनुसार कस्टम्स असा माल अडवू शकतं.

कायद्यात विक्रेत्याला बचावाची एक जागा आहे. मी पुरेशी काळजी घेतली होती, माल खोटा असल्याची शंका यायला कारण नव्हतं, आणि माल कोणाकडून घेतला ते मी सांगितलं, असं त्याला दाखवता आलं तर. पण तुम्ही स्वतःच जाहिरातीत "फर्स्ट कॉपी" असं लिहिलंत, तर "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा कुठे उरली? पुष्कळ मुलांना वाटतं की "कॉपी आहे हे सांगूनच विकतो, मग फसवणूक कसली?" गिऱ्हाईकाची फसवणूक नसेलही, पण ट्रेड मार्कचा गुन्हा तरीही राहतोच. उलट तुम्ही तो लेखी कबूल केलेला असतो. तुमच्या बाबतीत नक्की काय लागू होतं ते वकिलांना विचारा, पण कायद्याची दिशा ही आहे.

आणि ज्या पार्टीकडून माल येतो ती कुठे आहे, खरं नाव काय, तुम्हाला माहीत नसतं. गिऱ्हाईकासमोर आणि पोलिसांसमोर चेहरा तुमचा.

*हिशोब.* हे आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे स्वतःचे टाकून बघा. समजा कॉपी घड्याळ ७०० ला पडलं, १,५०० ला विकलं. नगामागे ८०० सुटले. दहा विकले, ८,००० झाले. आता दहातले दोन बंद पडले. पार्टी बदलून देत नाही, गिऱ्हाईक सोडत नाही. दोघांचे ३,००० परत केले. राहिले ५,०००. जाहिरातीला नगामागे २०० गेले, म्हणजे २,०००. राहिले ३,०००. कॅश ऑन डिलिव्हरीचे तीन पार्सल कोणी घेतलेच नाहीत, जाण्या-येण्याचं कुरिअर प्रत्येकी १५०, म्हणजे ४५०. हातात २,५५०. आणि या दहातला एकही गिऱ्हाईक परत येणार नाही.

दुसरीकडे कंपनीचं साधं घड्याळ. १,२०० ला घेतलं, १,५०० ला विकलं. नगामागे फक्त ३००. दहाचे ३,०००. दुकानाचं भाडं आहे, मान्य. पण बिघडलं तर वॉरंटी कंपनीची. पक्कं बिल आहे, जीएसटीचं क्रेडिट आहे, बँकेत दाखवायला उलाढाल आहे. आणि तोच गिऱ्हाईक सेल बदलायला येतो, पट्टा बदलायला येतो, भाच्याच्या वाढदिवसाला येतो, जावयाला द्यायच्या घड्याळासाठी येतो. दुकान चालतं ते या फेऱ्यांवर.

मार्जिन नगावर मोजू नका, गिऱ्हाईकावर मोजा. फर्स्ट कॉपीच्या धंद्यात गिऱ्हाईक एकदाच मिळतं.

"मुंबई स्पेशल" म्हणजे काय, माहीत आहे?

जगभरातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये "मुंबई स्पेशल" हा शब्द रूढ आहे. अभिमान वाटण्यासारखा नाही. भारतातून विकायला गेलेलं जुनं घड्याळ, ज्याची डायल भडक रंगात नव्याने रंगवलेली आहे आणि आतले भाग तीन वेगवेगळ्या घड्याळांतून जमवलेले आहेत, पण विकताना "ओरिजिनल व्हिंटेज" असं सांगितलं जातं, त्याला ते "मुंबई स्पेशल" म्हणतात.

वाईट याचं वाटतं की घड्याळांच्या बाबतीत मुंबईचा इतिहास मोठा आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव १८८६ मध्ये मुंबईतच जन्माला आलं. फेवर-ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून भारतात घड्याळं विकायची. आपल्याकडे कित्येक आजोबांच्या हातात तीच असायची. आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत एचएमटीचं घड्याळ सुरू झालं. जनता, पायलट, कांचन, कोहिनूर ही नावं घराघरात गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्यानंतर जुन्या एचएमटीच्या मागे शौकीन लागले. मागणी वाढली तशा रंगवलेल्या डायल वाढल्या. मूळ पायलटची ओळख काळ्या डायलची, आज बाजारात पोपटी, नारिंगी, गुलाबी अशा सगळ्या रंगांचे पायलट दिसतात.

आता नीट विचार करा. पन्नास वर्षांचं बंद पडलेलं घड्याळ उघडून, साफ करून, तेल घालून, काटे बसवून पुन्हा चालू करणं हे साधं काम आहे का? अजिबात नाही. कसब आहे, हात आहे, नजर आहे. कमी होती ती फक्त एका ओळीची: "डायल नव्याने रंगवलेली आहे, मशीन मूळचं आहे, चावी बदललेली आहे." ही ओळ लिहिली असती तर त्याच कामाला "रिस्टोरेशन" म्हटलं गेलं असतं आणि त्याचे वेगळे पैसे मिळाले असते. न लिहिल्यामुळे अख्ख्या शहराचं नाव शिवीसारखं वापरलं जातं, आणि प्रामाणिक कारागिरालाही त्याच मापाने मोजलं जातं. दोन-चार जणांच्या खोट्याची किंमत संपूर्ण बाजार भरतो.

कोल्हापुरीच्या वेळी राग आला होता ना?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपल्याकडे केवढा संताप झाला! आणि तो रास्तच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय टॅग मिळालाय, पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे ते. शेवटी भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं प्राडाला मान्य करावं लागलं.

तेव्हा ज्या हातांनी रागाने मेसेज फॉरवर्ड केले, त्यातल्या काही हातांवर फर्स्ट कॉपी घड्याळ होतं. स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ द्या. तिकडे आपलं काम घेऊन आपलं नाव गाळलं होतं, इकडे दुसऱ्याचं नाव घेऊन त्यांचं नसलेलं काम विकलं जातं. दोन्हीकडे नाव आणि काम यांची फारकतच झाली.

आणि उद्या हे तुमच्यावर येणार आहे. तुमच्या बचत गटाचा गोडा मसाला चालायला लागला, तुमच्या काजूगराला नाव मिळालं, की दुसऱ्या महिन्यात कोणीतरी तसंच पाकीट छापेल. तेव्हा तुम्ही कुठल्या कायद्याकडे धावाल? याच ट्रेड मार्क कायद्याकडे. म्हणून त्याला आजच आपलं माना. नाव नोंदवायला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे, नोंदणी १० वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. एका सुपर क्लोनच्या किमतीत तुमचं स्वतःचं नाव सुरक्षित होतं!

मग कमी पैशात घड्याळाचा शौक कसा करायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. कारण घड्याळ ही गरिबालाही खरी परवडणारी चैन आहे.

• कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. याचीही नक्कल निघते, म्हणून बिल घेऊन घ्या. उजवीकडचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. हल्लीच्या काही नकलाही ही युक्ती करतात, त्यामुळे दुकान भरवशाचं हवं.

• टायटन, सोनाटा. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून १९८४ मध्ये टायटन सुरू केली. सेल, पट्टा, सर्व्हिस तालुक्याच्या गावातही मिळते. पहिलं घड्याळ म्हणून उत्तम.

• जुनी एचएमटी जनता किंवा पायलट. रोज सकाळी चावी द्यायची, टिकटिक कानाला लावून ऐकायची. घेताना अक्षरं जाड किंवा पसरट नाहीत ना, खुणा सरळ आहेत ना, आत मशीनवर एचएमटीचा शिक्का आहे ना, हे बघा. रंगवलेली असेल तरी घ्या, पण रंगवलेलीच्या भावात.

• सायको ५. ऑटोमॅटिक घड्याळाच्या शौकाची जुनी, भरवशाची पायरी.

• भारतीय छोटे ब्रँड. जयपूर वॉच कंपनी जुनी नाणी डायलमध्ये बसवते. बँगलोर वॉच कंपनी २०१८ मध्ये एका जोडप्याने सुरू केली, मिग-२१ विमानावरून, क्रिकेटवरून घड्याळं काढली. किंमत थोडी जास्त आहे, पण यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून नाही तर उद्योजक म्हणून बघा. स्विस नाव न वापरता, आपल्याच मातीतली गोष्ट सांगून घड्याळ विकता येतं, हे त्यांनी दाखवलंय.

आणि खरंच एखाद्या दिवशी मोठं स्विस घड्याळ घ्यायचं असेल, तर धंद्याच्या नफ्यातून, कर भरून, पक्क्या बिलावर घ्या. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो, म्हणजे खरेदीची नोंद थेट आयकर खात्याकडे जाते. सेकंडहँड घेत असाल तर बॉक्स, कागद, सर्व्हिसचं बिल बघा आणि घड्याळाआधी विकणाऱ्याची चौकशी करा.

आता काम

ज्यांना घड्याळांच्या धंद्यात यायचंय, त्यांनी या आठवड्यात तीन गोष्टी करा.

एक, तुमच्या गावात जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करणारे किती कारागीर उरलेत ते शोधा. त्यांच्यापैकी एकाशी बोला. त्यांच्याकडे हात आहे, तुमच्याकडे मोबाईल आहे. "काय मूळ, काय बदललेलं" याचं लेखी कार्ड देऊन घड्याळ विकणारा माणूस तुमच्या तालुक्यात आहे का? नसेल तर ती जागा रिकामी आहे.

दोन, कंपनीच्या घड्याळाचं आणि कॉपीचं, दोन्हीचं वर सांगितलं तसं गणित कागदावर मांडा. बिघाड, परतावा, जाहिरात, सगळं धरून.

तीन, तुमच्या धंद्याचं नाव आधीच कोणी नोंदवलंय का, ते ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या साइटवर मोफत शोधता येतं. आज रात्रीच बघा.

पुढच्या व्हिडिओत ट्रेड मार्कचा अर्ज स्वतः कसा भरायचा ते स्क्रीनवर दाखवणार आहे. तोपर्यंत तुमच्या नावाला दोन-तीन पर्याय काढून ठेवा. भेटू!